एकाच लेयर थ्री स्विचवरून तीन व्हीलॅनना आयपी पत्ते आपोआप कसे द्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार्यालयात लेयर थ्री स्विच, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट्स पोहोचवू शकणारा स्विच, असून त्यावर तीन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली स्वतंत्र आभासी नेटवर्क, केलेली आहेत: १० हे कर्मचाऱ्यांच्या संगणकांसाठी, २० हे प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी आणि ३० हे पाहुण्यांच्या वाय-फायसाठी. इंटरनेटचा राउटर व्हीलॅन १० मध्ये जोडलेला आहे आणि आजवर तोच पत्ते वाटत आला आहे. व्हीलॅन १० मधल्या संगणकांना पत्ता मिळतो, परंतु २० आणि ३० मधल्या उपकरणांवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. पत्ते वाटण्याचे काम राउटरकडून काढून स्विचकडे कसे सोपवावे, असे विचारले आहे.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता कोणत्याही सर्व्हरने दिलेला नसतो. डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या, सर्व्हरकडून काहीच उत्तर आले नाही, की उपकरण या राखीव पट्ट्यातला एक पत्ता स्वतःच धारण करते आणि त्या पत्त्यावरून त्याला आपल्या व्हीलॅनबाहेर जाता येत नाही. म्हणजे २० आणि ३० मधून निघालेली मागणी कोणत्याच सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. ज्याला अजून पत्ताच नाही असे उपकरण आपला पहिला संदेश, म्हणजे ‘डिस्कव्हर’, ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ कडे ब्रॉडकास्ट करते, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवते. सर्व्हर ‘ऑफर’ पाठवतो, उपकरण ‘रिक्वेस्ट’ करते आणि सर्व्हर ‘ॲक’ देऊन व्यवहार पुरा करतो. सर्व्हर यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टवर (हा केबल लावायचा पोर्ट नव्हे, सेवेचा क्रमांक) ऐकतो आणि उपकरण ६८ वर. ब्रॉडकास्ट व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही, आणि आपला राउटर फक्त व्हीलॅन १० मध्ये असल्यामुळे त्याला तेवढ्याच मागण्या ऐकू येतात.

या व्यवहारात स्विच तीन वेगवेगळ्या भूमिका घेऊ शकतो, आणि कोणती भूमिका कोठे हवी हे ठरवल्याशिवाय आज्ञा टंकायला बसू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहिली भूमिका सर्व्हरची: स्विच स्वतः पत्ते वाटतो. दुसरी रिलेची: स्विच मागणी ऐकतो आणि दुसरीकडे असलेल्या सर्व्हरकडे पोहोचवतो. तिसरी पहारेकऱ्याची: अनधिकृत सर्व्हरने दिलेली उत्तरे तो पोर्टवरच अडवतो. नेटवर्कमध्ये आधीपासून विंडोज किंवा लिनक्सचा सांभाळलेला सर्व्हर असेल, तर स्विचला रिलेचे काम द्यावे, कारण पत्त्यांची नोंद, शोध आणि बॅकअप या गोष्टी तिथे अधिक चांगल्या होतात. असा सर्व्हर नसेल आणि उपकरणे काहीशेच्या घरात असतील, तर लेयर थ्री स्विच हाच सर्व्हर म्हणून पुरेसा आहे. आपली स्थिती दुसऱ्या प्रकारची दिसते. पहारेकऱ्याची भूमिका मात्र दोन्ही परिस्थितींत हवीच.

सुरुवात पत्त्यांच्या आराखड्यापासून करावी. व्हीलॅनचा क्रमांक पत्त्याच्या तिसऱ्या भागात ठेवला, तर पत्ता पाहताच उपकरण कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे हे कळते: १९२.१६८.१०.०, १९२.१६८.२०.० आणि १९२.१६८.३०.०, तिन्हींचा मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०. प्रत्येकात २५४ वापरण्याजोगे पत्ते मिळतात. त्यांपैकी पहिला पत्ता स्विचच्या व्हीलॅन इंटरफेसला, म्हणजे त्या व्हीलॅनमधल्या स्विचच्या आभासी जोडणीला, द्यावा, २ ते ३० हे हाताने दिल्या जाणाऱ्या पत्त्यांसाठी बाजूला ठेवावेत आणि उरलेले आपोआप वाटावेत. पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये दिवसभरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या मोठी असेल, तर तिथे २५५.२५५.२५४.० असा मास्क घेऊन ५१० पत्त्यांची जागा आधीच करून ठेवावी. भरलेला पट्टा नंतर मोठा करणे शक्य असले, तरी चालू नेटवर्कमध्ये ते त्रासदायक ठरते.

राउटरची जागाही याच वेळी बदलावी. तीनही व्हीलॅनचा गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे दार, आता स्विच होणार असेल, तर राउटरला व्हीलॅन १० मध्ये ठेवणे योग्य नाही. तसे ठेवल्यास ज्या जुन्या उपकरणांचा गेटवे हाताने राउटर असा लिहिलेला आहे, त्यांची व्हीलॅन २० कडे जाणारी पॅकेट्स राउटरमार्गे जातात आणि उत्तरे मात्र स्विचकडून थेट परततात. राउटरमधल्या फायरवॉलला संवादाची एकच बाजू दिसते आणि तो जोडण्या तोडतो. त्याऐवजी स्विच आणि राउटर यांच्यात एक स्वतंत्र लहान नेटवर्क करावे, उदाहरणार्थ १९२.१६८.९९.०, मास्क २५५.२५५.२५५.२५२, ज्यात राउटर १ आणि स्विच २ असेल. स्विचवर डीफॉल्ट रूट, म्हणजे बाकी सर्व पत्त्यांसाठीचा मार्ग, राउटरकडे द्यावा आणि राउटरवर तीनही व्हीलॅनसाठी स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेले मार्ग, स्विचकडे द्यावेत. हे परतीचे रूट राहून गेले की संगणकाला पत्ता व्यवस्थित मिळतो, स्विचला पिंग (पोहोच तपासणारा संदेश) होते, पण इंटरनेट चालत नाही, आणि दोष विनाकारण डीएचसीपीवर येतो. राउटरचे नॅट, म्हणजे आतल्या पत्त्यांचे इंटरनेटच्या पत्त्यात रूपांतर, या तीनही नेटवर्कना लागू आहे ना, हेही पाहावे.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येतो. पुढील आज्ञा सिस्कोच्या आयओएस प्रणालीप्रमाणे आहेत. त्या मी देवनागरीत लिहिल्या आहेत; स्विचवर त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात. प्रथम ‘आयपी राउटिंग’ ही आज्ञा देऊन स्विचवरील राउटिंग सुरू करावे, कारण अनेक लेयर थ्री स्विचवर ते मुळात बंद असते. त्यानंतर ‘इंटरफेस व्हीलॅन १०’ मध्ये जाऊन १९२.१६८.१०.१ हा पत्ता मास्कसह द्यावा आणि ‘नो शटडाउन’ म्हणावे. २० आणि ३० साठी तसेच करावे. व्हीलॅन इंटरफेस केवळ पत्ता दिल्याने चालू होत नाही. ते व्हीलॅन स्विचच्या व्हीलॅन यादीत असावे लागते, आणि त्याचे किमान एक पोर्ट, ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचे) असो वा ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारे), प्रत्यक्ष जोडलेले आणि पुढे पॅकेट पाठवण्याच्या अवस्थेत असावे लागते. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ या आज्ञेत तीनही इंटरफेसपुढे दोन्ही रकान्यांत ‘अप’ दिसेपर्यंत पुढे जाऊ नये.

पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, बनवण्याआधी वगळायचे पत्ते नोंदवावेत, कारण पूल तयार होताच स्विच पत्ते वाटू लागतो. ‘आयपी डीएचसीपी एक्सक्लुडेड-ॲड्रेस’ या आज्ञेपुढे १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.१०.३० असा आरंभ व शेवट लिहावा, आणि उरलेल्या दोन व्हीलॅनसाठी हीच ओळ पुन्हा द्यावी. ही आज्ञा मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये द्यायची असते, पुलाच्या आत नाही; नवखे लोक ती पुलात शोधत राहतात. मग ‘आयपी डीएचसीपी पूल’ या आज्ञेपुढे ओळखता येईल असे नाव देऊन पूल उघडावा. त्यात ‘नेटवर्क’ या ओळीत १९२.१६८.१०.० आणि मास्क, ‘डीफॉल्ट-राउटर’ या ओळीत १९२.१६८.१०.१ आणि ‘डीएनएस-सर्व्हर’ या ओळीत आपल्या डीएनएस, म्हणजे नावांवरून पत्ते शोधणाऱ्या, सर्व्हरचे पत्ते लिहावेत. २० आणि ३० साठी स्वतंत्र पूल करावेत.

कोणता पूल कोणत्या व्हीलॅनचा, हे सांगणारी ओळ पुलात कोठेही नसते, आणि याबद्दल हमखास विचारणा होते. स्विच ते पत्त्यांवरून ठरवतो. मागणी ज्या व्हीलॅन इंटरफेसवर आली, त्याचा स्वतःचा पत्ता ज्या पुलाच्या नेटवर्कमध्ये बसतो, त्या पुलातून पत्ता दिला जातो. त्यामुळे इंटरफेसच्या पत्त्याचे नेटवर्क आणि पुलाची ‘नेटवर्क’ ओळ यांत एका अंकाचाही फरक पडला, तर सर्व्हर गप्प राहतो आणि कोणतीही ठळक चूक दाखवत नाही. पूल अचूक दिसत असूनही पत्ता मिळत नसेल, तर या दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात.

इतर कंपन्यांच्या स्विचवर विचार हाच आहे, शब्द वेगळे आहेत. सिस्कोमध्ये डीएचसीपी सेवा मुळात चालू असते. ह्युआवेच्या स्विचवर मात्र ‘डीएचसीपी एनेबल’ ही आज्ञा आधी द्यावी लागते आणि मग व्हीलॅन इंटरफेसमध्ये ‘डीएचसीपी सिलेक्ट’ ने पत्ते इंटरफेसच्या नेटवर्कमधून द्यायचे की सामाईक पुलातून, हे सांगावे लागते. ब्राउझरमधून चालवायच्या लहान स्विचमध्ये पुष्कळदा केवळ रिलेची सोय असते, आणि अनमॅनेज्ड, म्हणजे मांडणी बदलता न येणाऱ्या, स्विचवर यांतले काहीच करता येत नाही.

पत्ता किती काळासाठी द्यायचा, म्हणजे लीज किती ठेवायची, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते संपूर्ण मांडणीतला हा सर्वांत विचारपूर्वक घेण्याचा निर्णय आहे. आयओएसमध्ये काहीच सांगितले नाही तर लीज १ दिवसाची असते. उपकरण निम्मा काळ उलटल्यावर त्याच सर्व्हरकडे थेट नूतनीकरण मागते. उत्तर आले नाही, तर ८७.५ टक्के काळ गेल्यावर ब्रॉडकास्ट करून कोणत्याही सर्व्हरकडे मागते; तेही फसले आणि मुदत संपली तर पत्ता सोडते. याचा अर्थ असा की ८ दिवसांच्या लीजवर चालणाऱ्या संगणकाच्या हातात, स्विच बंद पडल्यास, किमान सुमारे ४ दिवसांची मुदत शिल्लक असते, तर १ तासाच्या लीजवर अर्ध्या तासाची दुरुस्तीदेखील सर्वांना जाणवू शकते. दुसरीकडे, पाहुण्यांच्या वाय-फायवर ८ दिवसांची लीज ठेवली तर तासाभरासाठी आलेल्या फोनचा पत्ता आठवडाभर अडकून पडतो. आजचे फोन खासगीपणासाठी नेटवर्कगणिक वेगळा, आणि काही मांडण्यांत वेळोवेळी बदलणारा, मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क जोडणीचा ओळखक्रमांक, वापरतात. सर्व्हरला प्रत्येक नवा मॅक पत्ता म्हणजे नवे उपकरण वाटते, त्यामुळे पूल अपेक्षेपेक्षा लवकर भरतो. म्हणून कर्मचाऱ्यांसाठी काही दिवस, प्रिंटर-कॅमेऱ्यांसाठी त्याहून अधिक आणि पाहुण्यांसाठी काही तास अशी विभागणी मी सुचवेन. लिहिताना एक काळजी घ्यावी: ‘लीज’ या आज्ञेतला पहिला आकडा दिवसांचा आणि दुसरा तासांचा असतो. ‘लीज ८’ म्हणजे ८ दिवस. ८ तास हवे असतील तर ‘लीज ० ८’ असे लिहावे लागते.

प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना कायम तोच पत्ता मिळावा, यासाठी प्रत्येक उपकरणात जाऊन पत्ता लिहिण्यापेक्षा स्विचवर आरक्षण करणे अधिक बरे, कारण पुढे डीएनएस किंवा गेटवे बदलला तर बदल एकाच ठिकाणी होतो. आयओएसमध्ये अशा प्रत्येक उपकरणासाठी वेगळा लहान पूल करावा लागतो. त्यात ‘होस्ट’ या ओळीत पत्ता आणि ‘क्लायंट-आयडेंटिफायर’ या ओळीत उपकरणाची ओळख लिहायची. इथे बहुतेकांची गल्लत होते ती अशी, की ते नुसता मॅक पत्ता लिहितात. पुष्कळ उपकरणे आपली ओळख पाठवताना मॅक पत्त्याच्या आधी ०१ हा इथरनेटचा संकेत जोडतात. काही लिनक्स प्रणाली तर मॅकशी संबंध नसलेली वेगळीच लांब ओळख पाठवतात. आणि जी उपकरणे ओळख पाठवतच नाहीत, त्यांच्यासाठी ‘हार्डवेअर-ॲड्रेस’ ही निराळी ओळ वापरावी लागते. अंदाज करत बसू नये. उपकरणाला आधी कोणताही पत्ता घेऊ द्यावा, ‘शो आयपी डीएचसीपी बाइंडिंग’ मध्ये त्याची ओळख जशी दिसते तशी उतरवून घ्यावी, ती नोंद पुसावी आणि तीच ओळख आरक्षणात लिहावी.

सिस्कोचा सर्व्हर पत्ता देण्यापूर्वी त्या पत्त्याला दोनदा पिंग करून पाहतो आणि प्रत्येक वेळी ५०० मिलिसेकंद थांबतो. उत्तर आले तर तो पत्ता संघर्षाच्या यादीत टाकला जातो आणि व्यवस्थापकाने यादी साफ करेपर्यंत कोणालाही दिला जात नाही. ‘शो आयपी डीएचसीपी कॉन्फ्लिक्ट’ ही यादी अधूनमधून पाहावी. ती वाढत असेल तर कोणीतरी पुलातले पत्ते हाताने वापरत आहे, आणि नुसती यादी पुसून प्रश्न सुटत नाही. पिंगला उत्तर न देणारी उपकरणे या तपासणीतून निसटतात, हेही ध्यानात ठेवावे; म्हणूनच वगळलेल्या पत्त्यांचा पट्टा काटेकोर पाळायचा असतो.

स्विचवरच्या सर्व्हरची एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. वाटलेल्या पत्त्यांची नोंद तो स्मृतीत ठेवतो आणि स्विच पुन्हा सुरू झाला की ती नोंद जाते. उपकरणे आपापले पत्ते वापरत राहतात आणि सर्व्हरला मात्र सर्व पत्ते मोकळे वाटतात. ‘आयपी डीएचसीपी डेटाबेस’ या आज्ञेने ही नोंद ठरावीक अंतराने बाहेरच्या एखाद्या एफटीपी किंवा टीएफटीपी (फाइली पाठवण्याच्या पद्धती) सर्व्हरवर लिहून ठेवता येते. ती स्विचच्या फ्लॅशवरही ठेवता येते, पण वारंवार लिहिण्याने फ्लॅश झिजते, म्हणून मी बाहेरची जागा पसंत करतो.

पुढे नेटवर्क वाढून सर्व्हर वेगळ्या ठिकाणी गेला, तर स्विचवरचे पूल काढून प्रत्येक व्हीलॅन इंटरफेसमध्ये ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ या आज्ञेपुढे त्या सर्व्हरचा पत्ता लिहावा. ही ओळ मागणी जिथून येते त्या बाजूच्या इंटरफेसवर हवी, सर्व्हरच्या बाजूच्या नव्हे. स्विच मागणीमध्ये आपल्या व्हीलॅन इंटरफेसचा पत्ता नोंदवून ती थेट सर्व्हरकडे पाठवतो, आणि सर्व्हर त्या नोंदीवरूनच कोणत्या पट्ट्यातला पत्ता द्यायचा हे ठरवतो. उत्तरही त्याच इंटरफेसच्या पत्त्यावर परत येते, त्यामुळे सर्व्हरकडे त्या नेटवर्कचा रूट असणे आवश्यक आहे. हेल्परची ओळ डीएचसीपीखेरीज टीएफटीपी, डीएनएस, नेटबायोस अशा आणखी काही सेवांचे ब्रॉडकास्टही पुढे पाठवते. ते नको असल्यास ‘नो आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी’ ने ते पोर्ट वगळावेत.

पहाऱ्याविषयी. कोणीतरी घरगुती राउटर आणून त्याचे लॅन पोर्ट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावले, की तो त्या व्हीलॅनमध्ये स्वतःचे पत्ते वाटू लागतो. ज्याचे उत्तर आधी पोहोचते, त्याचा पत्ता सहसा स्वीकारला जातो. हे डीएचसीपी स्नूपिंगने, म्हणजे वर सांगितलेल्या पहारेकऱ्याच्या भूमिकेने, थांबते. ज्या पोर्टमागे खरा सर्व्हर किंवा त्याच्याकडे नेणारा स्विच आहे, त्या पोर्टवर आधी ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट’ द्यावे, मग ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन’ पुढे १०, २०, ३० लिहावे आणि शेवटी ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग’ ही मुख्य आज्ञा द्यावी. क्रम उलटा झाला तर ट्रस्टची ओळ पडेपर्यंत खऱ्या सर्व्हरची उत्तरेही अडवली जातात. आपल्या मांडणीत सर्व्हर मुख्य स्विचमध्येच आहे, म्हणून ट्रस्ट लागेल ते मजल्यावरच्या ॲक्सेस स्विचवर, मुख्य स्विचकडे जाणाऱ्या अपलिंकला.

स्नूपिंग सुरू करताच सर्वांचे पत्ते मिळणे थांबले, अशी तक्रार येते, तेव्हा कारण बहुधा ऑप्शन ८२ हे असते. ॲक्सेस स्विच मागणी कोणत्या पोर्टवरून आली याची माहिती या ऑप्शनमध्ये जोडतो, पण रिलेचा पत्ता ०.०.०.० असाच राहतो, आणि मुख्य आयओएस स्विच अशी मागणी संशयास्पद मानून टाकून देतो. ती माहिती आपल्याला नको असेल, तर ॲक्सेस स्विचवर ‘नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन’ द्यावे. ती हवी असेल, तर मुख्य स्विचवर ‘आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्ट-ऑल’ द्यावे.

तरीही एखाद्या संगणकाला पत्ता मिळत नसेल, तर तपासणीचा माझा पहिला टप्पा ठरलेला आहे. त्या संगणकाला त्या व्हीलॅनमधला एखादा वगळलेला पत्ता हाताने द्यावा आणि गेटवेला पिंग करावे. पिंग झाले नाही, तर दोष डीएचसीपीत नाहीच. पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे किंवा दोन स्विचमधल्या ट्रंकवर ते व्हीलॅन सोडलेले नाही. पिंग झाले, तर ‘शो आयपी डीएचसीपी पूल’ मध्ये पत्ते संपले आहेत का ते पाहावे, आणि मग ‘डीबग आयपी डीएचसीपी सर्व्हर पॅकेट’ थोड्या वेळासाठी चालू करून मागणी पोहोचते का हे पाहावे. संगणक सुरू होताना पत्ता मिळत नाही, पण थोड्या वेळाने केबल न काढता पुन्हा मागितल्यास मिळतो, असे होत असेल तर स्पॅनिंग ट्री, म्हणजे पॅकेट्स स्विचांमध्ये गोल फिरत राहू नयेत (लूप) यासाठीची व्यवस्था, तपासावे. पारंपरिक स्पॅनिंग ट्रीमध्ये नव्याने जोडलेले पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवते, आणि त्या ३० सेकंदांत संगणकाच्या सुरुवातीच्या मागण्या वाया जातात. संगणक, प्रिंटर, कॅमेरे जोडलेल्या पोर्टवर ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट’ द्यावे. दुसरा स्विच जोडलेल्या पोर्टवर ते देऊ नये, कारण तिथे लूप तयार होण्याचा धोका असतो. पत्ता मिळतो पण भलत्याच नेटवर्कचा, असे असल्यास विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ च्या सविस्तर उत्तरात डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता दिसतो. तो आपल्या स्विचचा नसेल, तर एआरपीवरून, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता हे सांगणाऱ्या नोंदीवरून, त्याचा मॅक पत्ता काढावा आणि स्विचच्या मॅक तक्त्यात तो कोणत्या पोर्टमागे आहे हे शोधावे.

प्रत्यक्ष बदल करताना आदल्या दिवशीच राउटरवरची लीज एखाद्या तासापर्यंत खाली आणावी. संगणकांना नवा गेटवे नूतनीकरणाच्या वेळीच कळतो, आणि जुनी लांब लीज असेल तर काही संगणक दिवसेंदिवस जुन्याच गेटवेला धरून राहतात. नवी लहान लीज सर्वांपर्यंत पोहोचायला जुन्या लीजचा निम्मा काळ लागतो; म्हणून जुनी लीज आठवड्याची असेल तर ही तयारी काही दिवस आधी करावी. बदलाच्या वेळी प्रथम राउटरवरचा डीएचसीपी बंद करावा, राउटर नव्या लहान नेटवर्कवर हलवावा, मग व्हीलॅन १० चा पूल सुरू करावा. २० आणि ३० चे पूल त्याआधीच सुरू करून तपासून घेता येतील, कारण तिथे दुसरा सर्व्हर नाही. सर्व व्हीलॅनमधून एकेक उपकरण तपासून झाल्यावर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ने मांडणी जतन करावी आणि तिची एक प्रत स्विचबाहेर ठेवावी. स्विचचा स्वतःचा व्यवस्थापनाचा पत्ता मात्र डीएचसीपीवर सोडू नये. तो हाताने दिलेला आणि वगळलेल्या पट्ट्यातलाच असावा.